एक नंबरच्या खोलीची घंटा

सातपूरच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटरची खोली एकच होती आणि तिच्या दाराबाहेर पायातलं काढावं लागे. आत कोण आहे हे बघायला दार उघडायची गरज नसायची. बाहेर माझे तपकिरी बूट असले की मी आत, कोल्हापुरी चपला असल्या की मास्तर आत. बहुतेक वेळा दोन्ही जोड शेजारी असत.

मास्तर माझा पॉलिटेक्निकपासूनचा मित्र. सत्तरच्या दशकात आम्ही एका बाकावर बसलो. त्याचे वडील शाळेत शिक्षक होते आणि त्यालाही समजावून सांगायची खोड होती, म्हणून वर्गाने त्याला मास्तर केलं. नाशिकच्या द्वारका चौकाच्या अलीकडे बौद्ध वस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. मी दिंडोरी तालुक्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. वर्गात पहिला यायचा तो. मी त्याच्या वह्या उतरवून पास व्हायचो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ते लागणार आहे.

आम्ही दोघंही त्या कारखान्यात वायरमनच्या कामाला लागलो. विजेची पॅनेलं तयार व्हायची. पॅनेल जोडून झालं की एकजण नकाशा हातात धरून वायरचा नंबर मोठ्याने म्हणायचा आणि दुसरा त्या वायरच्या दोन टोकांना घंटेचे चिमटे लावायचा. घंटा वाजली की पुढचा नंबर. सगळं संपलं की नकाशावर दोन सह्या होत, जोडणाऱ्याची आणि वाचणाऱ्याची. याला आम्ही ‘वाचन’ म्हणायचो. पुढे ऐंशीच्या दशकात पॅनेलात मायक्रोप्रोसेसर आला, साहेबांनी एक कॉम्प्युटर घेतला आणि आम्हा दोघांना सी भाषा शिकायला बसवलं, तेव्हा मास्तरने वाचनाची पद्धत तशीच आत आणली. एकाने हाताने लिहिलेला कागद धरायचा, दुसऱ्याने छापील प्रोग्रॅम ओळ न ओळ मोठ्याने वाचायचा, शेवटच्या पानावर लिहिणारा आणि वाचणारा अशा दोन सह्या. बाहेरून जाणारे हसायचे. “पोथी लागली वाटतं,” असं आमचा सुपरवायझर दारातून ओरडायचा.

आमच्या दोघांत वाद एकच होता. मास्तर ॲरे वापरायचा, मी पॉइंटर. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी मास्तरने केलेला खुलासाच देतो. त्यात कंपायलर येतो, तो म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राच्या सूचनांत उतरवणारा प्रोग्रॅम. एका रविवारी तो आमच्या मळ्यात आला होता. द्राक्षाच्या ओळीच्या टोकाला, कोपऱ्यातल्या खांबापाशी उभा राहून तो मला म्हणाला, “सातवी वेल दाखव.”

मी बोट केलं.

“कशी शोधलीस? खांबापासून इतक्या वेली, एका वेलीपासून दुसरीचं अंतर इतकं, गुणाकार केलास आणि थेट तिथे बघितलंस. हा ॲरे. तू चौकटी कंसात सात लिही, नाहीतर पत्ता अधिक सात असं लिही, कंपायलरला दोन्ही सारखंच. तो कंस मोडून त्याचा पत्ताच करतो. आता तुझे आबा बघ.”

माझे वडील पाठीवर पंप घेऊन फवारणी करत होते.

“आबा मोजतायत का? नाही. ह्या वेलीवरून पुढच्या वेलीवर, तिच्यावरून तिच्या पुढचीवर. गुणाकार नाही, नुसतं एक पाऊल. तो तुझा पॉइंटर.”

“म्हणजे आबा फास्ट,” मी म्हणालो.

“फास्ट आहेत. पण विचार त्यांना, कितव्या वेलीवर आहात? सांगता यायचं नाही. आणि सुरुवात एक वेल चुकली तर सगळी ओळ चुकली. शेवट चुकला तर फवारा शेजाऱ्याच्या कांद्यावर.”

“ए मास्तर,” आबा तिकडूनच म्हणाले, “शेजाऱ्याचं नाव काढू नको. त्याच्याशी आधीच वाकडं हाय.”

आम्ही खूप हसलो. जाताना आबांनी त्याच्या पिशवीत द्राक्षं भरली. त्यांचा त्याच्यावर जीव होता.

मग ते शीतगृहाचं काम आलं. दिंडोरीच्या बाजूला परदेशी जाणारी द्राक्षं थंड करून ठेवायला सोळा खोल्यांचं नवं शीतगृह झालं होतं. प्रत्येक खोलीत तापमानाचा एक सेन्सर, सगळ्यांच्या तारा आमच्या पॅनेलात, आणि एखादी खोली गरम व्हायला लागली की मोठी घंटा वाजणार. प्रोग्रॅम मास्तरने लिहिला. दर खोलीची मागची साठ तापमानं तो साठवायचा आणि त्यांची सरासरी काढायचा, म्हणजे दार क्षणभर उघडलं म्हणून घंटा वाजू नये.

सी भाषेत ॲरेची घरं शून्यापासून मोजतात. मास्तरने शून्याचं घर मुद्दाम रिकामं सोडलं आणि एकापासून सोळापर्यंत खोल्या भरल्या.

“एक घर फुकट घालवलंस,” मी म्हणालो.

“खोल्यांच्या दारांवर रंगाने एक ते सोळा लिहिलंय. तिथला माणूस सात नंबर म्हणाला की आपल्या कागदावरही सातच पाहिजे. रिकामं घर काय खातं?”

आम्ही त्याचं वाचन केलं. त्याने लिहिणारा म्हणून सही केली, मी वाचणारा म्हणून. सोळाही सेन्सर बर्फाच्या पाण्याच्या बादलीत टाकून सगळे आकडे शून्य येतात का ते बघितलं. त्यानंतर मास्तरने एकेक सेन्सर बाहेर काढून मुठीत धरला आणि त्याच नंबराचा आकडा वर चढतो ना हे पाहिलं. सोळा वेळा. माझा जीव कंटाळला, पण तो धरत राहिला.

सगळं बरोबर होतं. फक्त आकडे सावकाश बदलत. आमच्या प्रोसेसरला गुणाकार येत नव्हता. प्रत्येक वेळी खोलीचा पत्ता काढायला तो बेरजा करकरून गुणाकार करायचा आणि दर फेरीत असे शेकडो पत्ते काढावे लागत.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मास्तर त्या दिवशी रजेवर होता. साहेब मला लहान भावासारखं वागवत, निदान मला तसं वाटायचं.

“गिऱ्हाईक म्हणतंय आकडे गोगलगायीसारखे सरकतात. तुझं ते पॉइंटरचं लावलंस तर पळेल?”

“पळेल, साहेब.”

“मग उद्या सुट्टी आहे, येऊन करून टाक. मीही येतो. मास्तरला आत्ता सांगू नकोस. तो परत पोथी काढेल आणि चार दिवस घालवेल. परवा प्रोग्रॅम भरलेली चिप दिंडोरीला गेली पाहिजे.”

“सही त्याची आहे पण—”

“मी आहे ना. पॅनेल चाललं की तुझं नाव वरती सांगतो.”

ही ओळ मी इतकी वर्षं जपून ठेवली होती. मी आहे ना.

सुट्टीच्या दिवशी मी मास्तरच्या प्रोग्रॅममधला तापमानं भरणारा भाग काढला आणि तिथे पॉइंटर घातला. ॲरेच्या आरंभी बोट ठेवलं आणि एकेक घर पुढे सरकत सोळा खोल्यांची तापमानं भरत गेलो. ॲरेचा आरंभ म्हणजे शून्याचं घर. मास्तरने ते रिकामं ठेवलं होतं हे मला ठाऊक होतं, मी त्यावरून त्याला हसलो होतो, आणि तरी बोट तिथेच पडलं. एक नंबर खोलीचं तापमान शून्याच्या घरात गेलं. दोनचं एकात, तीनचं दोनात. सोळाव्या घरात कुणीच काही भरेना. ते चालू करताना होतं तसं शून्यच राहिलं. आकडे दाखवणारा आणि घंटा वाजवणारा भाग मात्र मास्तरचाच होता आणि तो एक ते सोळा एवढीच घरं बघत होता. एक नंबरच्या जागी दोनचा आकडा दिसत होता आणि एक नंबरची खोली कोणीही बघत नव्हतं.

मी द्वारकेच्या बर्फवाल्याकडून लादी आणून बादली भरली. चाचणीच्या पॅनेलचे सोळा सेन्सर आत. सोळा आकडे शून्य. सोळावा आकडा खोटा शून्य होता, पण बर्फाच्या पाण्यात खरं आणि खोटं शून्य एकसारखंच दिसतं. मुठीत धरायची चाचणी मी केली नाही. साहेब घड्याळ बघत होते. आकडे झरझर बदलत होते आणि मला माझाच अभिमान वाटत होता.

चिप गेली. तिच्याबरोबर फाइलमध्ये जो कागद गेला त्यावर जुनाच प्रोग्रॅम होता आणि त्याखाली आमच्या जुन्या सह्या.

शीतगृहातही सगळ्या खोल्या शून्याच्या आसपास असत, म्हणून कित्येक आठवडे कुणाच्या काही लक्षात आलं नाही. ऐन हंगामात एक नंबर खोलीचं यंत्र बंद पडलं. सकाळी तिथल्या माणसाचा फोन आला तो मीच घेतला.

“साहेब, एक नंबरात पेट्यांना घाम सुटलाय. देठं काळी पडली. घंटा नाय वाजली हो. आकडा तर बराबर दाखवतोय. लय येळ झाला असंल, कळलंच नाय.”

त्या खोलीत आमच्या गावचा माल होता. त्यात आबांचाही होता.

दुपारी साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं होतो, साहेब, सुपरवायझर, मास्तर आणि मी. टेबलावर फाइल उघडी होती.

“लिहिणारा म्हणून सही कुणाची?” साहेबांनी विचारलं.

“माझी,” मास्तर म्हणाला. “पण हा प्रोग्रॅम असं करणार नाही. मी एकेक सेन्सर हातात धरून बघितलाय. चिप परत मागवा, तिच्यातला प्रोग्रॅम बाहेर काढू आणि ह्या कागदाशी वाचन करू.”

“गिऱ्हाईक आता चिप हातात देणार आहे होय?” साहेब म्हणाले. “कागदावर सही आहे ना? संपलं.”

मास्तर माझ्याकडे वळला. “तू वाचलंयस ना हे?”

“वाचलंय,” मी म्हणालो.

शब्दशः धरलं तर ते खरं होतं. मी साहेबांकडे बघितलं. ते आता बोलतील, असं मला खरोखर वाटत होतं. ते फाइलची नाडी बांधत होते.

तेव्हा सुपरवायझर म्हणाला, “मार्कांवर आले असते तर गोष्ट वेगळी. दाखल्यावर आलेली माणसं, साहेब. आपण तरी काय अपेक्षा करणार.”

मास्तर अजूनही माझ्याकडेच बघत होता. वर्गात पहिला कोण यायचा हे त्या खोलीत मला एकट्याला ठाऊक होतं. ते सांगायला तर चिपची गरज नव्हती. मी पायाखालच्या फरशीकडे बघितलं.

सुटायच्या वेळी तो फाटकासमोरच्या टपरीवर उभा होता. दोन अर्धे चहा सांगितलेले मला लांबून दिसले. मी मागच्या फाटकाने गेलो. दुसऱ्या दिवशी त्याने राजीनामा दिला. त्याला काढलं असं कारखान्याने कुठेही लिहिलं नाही, पण सातपूर आणि अंबडच्या प्रत्येक पॅनेलवाल्याला फोनवर कळलं, द्राक्षं सडवली तो हाच.

मी साहेबांकडे गेलो होतो, हेही सांगतो. आठवडा मध्ये गेल्यावर.

“साहेब, तुम्ही म्हणाला होतात, मी आहे ना.”

“मी तुला वेग वाढव म्हणालो,” ते शांतपणे म्हणाले. “चूक कर म्हणालो होतो का? आणि हे बघ, बोलायचं होतं तर त्या दिवशी बोलायचं. आता बोललास तर दोघंही जाल.”

त्या दिवसापासून मी स्वतःला फसवला गेलेला माणूस समजू लागलो. मला वापरलं, माझ्यावर माया दाखवली आणि वेळ आल्यावर नाडी बांधली. बायकोला मी हेच सांगितलं. पुढे मुलांनाही. या कहाणीत मास्तर फक्त नोकरी सोडून गेलेला एक मित्र होता.

ती कहाणी माझ्या एकट्यापुरती त्याच महिन्यात मोडली होती. पॅनेल दुरुस्त करायचं काम माझ्याचकडे आलं. मी मास्तरचा मूळ प्रोग्रॅम काढला. कंपायलरच्या नव्या आवृत्तीत वेगासाठी एक खूण, म्हणजे आज्ञेत एक जादा अक्षर, देता यायची. चुका शोधताना गोंधळ होतो म्हणून आम्ही ती कधी दिली नव्हती. मास्तर एकदा म्हणाला होता, “काम संपलं की ती देऊन बघू, कंपायलर आपल्यापेक्षा हुशार असेल.” मी ती खूण दिली आणि कंपायलरने प्रोसेसरसाठी काय काय सूचना तयार केल्या त्यांची यादी छापून घेतली. तशीच माझ्या पॉइंटरवाल्या प्रोग्रॅमचीही घेतली. दोन्ही याद्या टेबलावर शेजारी ठेवल्या आणि एकट्याने मोठ्याने वाचल्या.

दोन्ही सारख्याच होत्या. मास्तरच्या कंसांतला गुणाकार कंपायलरने स्वतःहून काढून टाकला होता. एक ते सोळा अशी सरळ फेरी आहे हे त्याने ओळखलं होतं आणि दर वेळी नुसतं एका खोलीचं अंतर मिळवत तो पुढे जात होता. आबांसारखा. वेगही तेवढाच. फरक एकाच ओळीत होता, आरंभाच्या पत्त्यात. मास्तरची यादी एकाच्या घरापासून सुरू होत होती आणि माझी शून्याच्या.

माझ्या पॉइंटरची गरजच नव्हती. एक अक्षर टाकायचं होतं, तेही मास्तरला विचारून. मला त्या यंत्राचाही राग आला, की तुला एवढं येत होतं तर तू आधी का दाखवलं नाहीस. त्याला कुणी विचारलं नव्हतं. मी दोन्ही याद्या घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवल्या. पॅनेलमध्ये मास्तरचा मूळ प्रोग्रॅम ती खूण देऊन घातला आणि दुरुस्ती करणारा म्हणून सही माझी केली.

गावात आबा शेवटपर्यंत म्हणत, “मास्तरनं घोळ केला. चांगला वाटला होता पोरगा.” मी ऐकून घ्यायचो. त्यांनी त्याला पुन्हा कधी मळ्यात बोलावलं नाही. आबा गेले तेही हेच मनात धरून गेले.

गेल्या वर्षी पेटी आवरताना त्या याद्या हाताला लागल्या. कागद पिवळे पडले होते, अक्षरं अजून वाचता येत होती. मी मास्तरचा पत्ता शोधला. तो नाशिक रोडला राहतो. पुढे बरीच वर्षं तो खाजगी क्लासात सी भाषा शिकवत होता. दार त्यानेच उघडलं. मला ओळखायला त्याला वेळ लागला नाही.

मी याद्या त्याच्या हातात दिल्या आणि सगळं सांगितलं. तो दिव्याखाली गेला, चष्मा लावला आणि शेवटपर्यंत वाचत राहिला. त्याचे ओठ हलत होते.

“हे मला माहीत होतं,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“फोन आला त्याच दिवशी. एक नंबर गरम आणि एक नंबरचा आकडा बरोबर, म्हणजे सगळे एक घर मागे सरकलेत. ॲरेने असं होत नाही, माझ्या तर नाहीच. आणि सुट्टीच्या दिवशी मी विसरलेला डबा न्यायला आलो होतो. खोलीबाहेर तुझे बूट होते आणि साहेबांचे होते. मला वाटलं, काम चाललंय, कशाला मध्ये जा.”

“मग तू केबिनमध्ये बोलला का नाहीस?”

“कुणी ऐकलं असतं? ऐकलंस ना सुपरवायझर काय म्हणाला ते? तुझ्या तोंडून आलं असतं तर ऐकलं असतं. म्हणून तर तुला विचारलं, वाचलंयस ना.” त्याने चष्मा काढला. “चहा गार होईपर्यंत थांबलो होतो मी टपरीवर. दुसराही मीच प्यायलो.”

मी माफी मागितली. तो म्हणाला, “मला सांगून काय उपयोग? मला माहितीच होतं. ज्यांना माझं नाव सांगितलंत त्यांना जाऊन सांग.”

“साहेब गेले. सुपरवायझरही गेला.”

“तुझं गाव आहे की.”

“मी लिहून काढतो. छापतो.”

“लिही. पण माझं नाव घालू नकोस. चूक तुझी आणि छापून पुन्हा माझंच नाव?” तो पहिल्यांदा थोडा हसला, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. “आणि छापण्याआधी वाचन कर. एकट्याने नाही.”

म्हणून इथे कुणाचंच नाव नाही. माझं घातलं असतं, पण माझ्यावरून त्याचं ओळखू आलं असतं.

काल मी हे सगळं घेऊन मळ्यात गेलो. माझा धाकटा भाऊ आता तिथलं बघतो. एक नंबर खोलीतल्या पेट्या त्यानेच त्या वर्षी ट्रकमध्ये चढवल्या होत्या. हाताने लिहिलेला कागद मी त्याच्याकडे दिला आणि टाइप केलेला मोठ्याने वाचला. आबांच्या ‘मास्तरनं घोळ केला’ ह्या ओळीपाशी त्याने मला थांबवलं आणि ती ओळ परत वाचायला लावली. मग शेवटापर्यंत कागदावर बोट फिरवत राहिला.

मी शेवटच्या पानावर लिहिणारा म्हणून सही केली आणि पेन त्याच्यापुढे धरलं.

“मी नाय करत सही,” तो म्हणाला. “तू वाचलंस ते तुझ्या तोंडचं. आधी मास्तरकडं जाऊन येतो. आबांच्या वतीनं कुणीतरी जायला पायजे.”

मी येऊ का, असं विचारलं. तो ओट्याखालच्या चपलांत पाय घालत होता.

“तू थांब,” तो म्हणाला.